सवलत द्या, पण धंद्याचा धोका आमच्या गळ्यात नको

मे महिन्यात गावी गेले होते, गुहागर तालुक्यात, आणि तीन दिवस घरात एकच विषय. आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, म्हणे बाहेरच्या देशातली कुठलीतरी कंपनी येणार. अजून बत्तीसची नोटीस (एमआयडीसी जमीन घेताना काढते ती) नाही, सर्व्हेवाले नाहीत, कागद म्हणून काहीच नाही, नुसतं कोणीतरी कोणालातरी सांगितलेलं, तरी सातबारावर बेचाळीस नावं असलेल्या त्या कातळाच्या तुकड्यासाठी मुंबईकरांचे फोन सुरू झाले, वीस वर्षांत वाडीत पाऊल न टाकलेल्यांचे पण. भाऊ म्हणतो येऊ दे, पोरांना काम मिळेल. काकू म्हणते आंब्याची कलमं गेली की गेली. आणि भाचा, आयटीआय फिटर, चाकणला बारा-बारा तास ड्युटी करतो, त्याने मला विचारलं, "आत्या, तू टॅक्सचं काम करतेस ना, मग सांग, सरकार ह्या कंपन्यांना एवढ्या सवलती देतं ते कुणाच्या पैशातून?"

मी चिपळूणला सीएच्या ऑफिसात कामाला आहे, रोज हेच बघते, पण इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

तर पैसा आपलाच. महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, दर काही वर्षांनी नवीन रूपात येते. मागास तालुक्यात कारखाना काढला की राज्याच्या वाट्याचा जीएसटी ठरावीक वर्षं परत मिळतो, विजेवरचं शुल्क माफ, स्टॅम्प ड्युटी माफ. हे सगळं ज्या तिजोरीतून जातं त्याच तिजोरीतून आमचा रस्ता आणि आमचं आरोग्य केंद्र चालतं. मी सवलतींच्या विरोधात नाही, उगाच घाट उतरून कोणी इथे येणार नाही हे मलाही कळतं. पण सवलत देणं वेगळं आणि त्यांच्या धंद्याचा धोका स्वतःच्या डोक्यावर घेणं वेगळं, आणि हा फरक अख्ख्या देशात सगळ्यात महाग कुठे शिकायला मिळाला असेल तर तो आमच्याच तालुक्यात, अंजनवेलला.

एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार. तेव्हा नुकतंच देशाचं परकीय चलन आटून गेलं होतं आणि वीज हवी होती, हे खरं आहे. पण लिहून काय दिलं बघा. भांडवलावर भरघोस परतावा धरून ठरवलेला दर, तो डॉलरशी बांधलेला, इंधनाचा खर्च वीज मंडळाच्या माथी, वीज घेतली नाही तरी ठरलेला आकार द्यायचाच, वर राज्याची हमी आणि पहिल्या टप्प्यासाठी त्यावर केंद्राची प्रतिहमी (राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र देणार). म्हणजे रुपया घसरला तर आपण भरायचं, प्रकल्पाचं इंधन, नाफ्था, महागलं तरी आपणच. दोन्ही झालं. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं बंद केलं, डिसेंबरात तर एन्रॉन स्वतःच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. भागीदार जीई आणि बेक्टेल मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांमार्फत आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले, आणि शेवटी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल ह्या सरकारी कंपन्यांना तो बंद प्रकल्प हातात घ्यावा लागला. फायदा त्यांचा ठरलेला होता, तोटा मात्र फिरून आपल्याच अंगणात आला.

आणि आता टॅक्स माफीला पूर्वीइतका अर्थही उरलेला नाही. २०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी मान्य केलं की ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी कुठेही नफ्यावर किमान १५ टक्के टॅक्स भरावा. आपण माफ करून तो ५ टक्क्यांवर आणला तर उरलेला फरक कंपनीचा मूळ देश वसूल करू शकतो, युरोपातल्या बऱ्याच देशांत २०२४ पासून हे सुरू पण झालंय. म्हणजे आपण सोडलेले पैसे कंपनीला नाहीत, आपल्याला नाहीत, तिसऱ्याच्या खजिन्यात!

मला विचाराल तर ते पैसे पोरांच्या शिक्षणावर घाला. कोस्टारिका नावाचा छोटा देश आहे, १९९६ मध्ये इंटेलने तिथे कारखाना काढायचं ठरवलं, करसवलत होतीच पण देशाने सोबत तंत्रशिक्षणाचे अभ्यासक्रमही वाढवले. २०१४ मध्ये इंटेलने तिथलं चिप जोडणीचं काम हलवलं, दीडेक हजार नोकऱ्या गेल्या. तरी देश बसला नाही, कारण शिकलेली माणसं तिथेच होती आणि वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्या त्यांच्यासाठी आल्या. आमच्या भाच्याचं फिटरचं सर्टिफिकेट आहे, पण ज्या मशीनवर तो शिकला ती मशीन त्याला चाकणला कुठेच दिसली नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि एप्रिल-मेमध्ये वाडीवर टँकर. सवलत मोजतात ती गुंतवणूक किती कोटींची यावर, म्हणजे यंत्रं महाग तेवढी सवलत जास्त, मग कातळावर मोठमोठ्या टाक्या उभ्या राहतात आणि कामाला माणसं मोजकी. कंपनी पाणी किती उचलणार, किती साफ करून सोडणार ह्याला सवलतीच्या हिशोबात तेवढंच वजन हवं. लोट्याच्या एमआयडीसीतल्या रासायनिक सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रारी करतायत. खाडीतली मासळी कमी झाली तर त्या घराचं जे गेलं ते कुठल्याच ताळेबंदात येत नाही, मी ताळेबंद बनवते म्हणून सांगते.

सवलत हप्त्याहप्त्याने द्यावी, दरवर्षी स्थानिक पोरं किती लागली आणि पाण्याची तपासणी काय सांगते ते बघून, आणि मध्येच सोडून गेले तर दिलेलं परत घ्यायचं कलम आधीच करारात असावं. अशा अटी घातल्या की कंपन्या पळतात असं भाऊ म्हणतो. मला वाटतं खरोखर टिकायचं असेल ती एवढ्याने पळणार नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला भाचा रजा काढून येतोय. करार झाला तर तो मराठीत वाचायला मिळणार का, पाणी कुठल्या नदीतून, बंद पडली तर जमीन कुणाची, असे प्रश्न मी कागदावर काढून दिलेत. बोलणार तो, मी शेजारी बसणार.