तिसरा घोडा आणि इतर मंडळी

आमच्या तालमीतली कुस्ती कधीच बंद पडली. आता हौद्यातली माती फक्त नागपंचमीला उकरली जाते. पण वर्षातून एका संध्याकाळी गेलेल्या एखाद्या कलावंताचा दिवस करायचा, ही रीत कोरोनाचा काळ सोडला तर मोडलेली नाही. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ आमच्या पेठेतच. त्यामुळं जुन्या घरांतनं कुणी ना कुणी दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या सिनेमात मावळा, हशम नाहीतर बाजारातली बाई होऊन आलेलं असतंय. सिनेमा आमच्याकडं मागच्या दारानं आलाय.

दीपप्रज्वलन, फोटोला हार, पाहुण्यांना फेटे, प्रास्ताविक हे सगळीकडं असतं तसंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच नोंदवतो की फेटे बांधून होईपर्यंत पुढच्या दोन रांगा गच्च असतात आणि फोटो निघाले की त्याच रांगांना अचानक दुसरा कार्यक्रम आठवतो.

खरा कार्यक्रम त्यानंतर सुरू होतो. पेठेतल्या शाळेतनं निवृत्त झालेल्या आमच्या बाई वहीतनं चरित्र वाचतात, मग पडद्यावर एखादा प्रसंग दाखवायचा आणि त्यानंतर ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं. मी वर्षभर या शेवटच्या भागाची वाट बघतो. मोठ्या वक्त्यांची भाषणं मला आठवत नाहीत. आठवतो तो तिसरा घोडा.

आमच्यातले एक आजोबा तरुणपणी स्टुडिओत मावळे व्हायचे. पडद्यावर घोडदळ दिसलं की ते काठी टेकत उठायचे, उजेडात जाऊन बोट लावायचे आणि म्हणायचे, "त्यो तिसरा घोडा बघा. त्याच्यावर म्या हाय." त्यांच्या बोटाची सावली त्या घोडेस्वाराच्या तोंडावरच पडायची, त्यामुळं तिसऱ्या घोड्यावर कोण होतं ते आम्हाला कधीच दिसलं नाही. मग ते डिंकानं चिकटवलेल्या दाढीचं सांगायचे. घाम आला की ती एका बाजूनं सुटायची, मग शॉट होईपर्यंत गाल खांद्याला दाबून धरायचा. दिवसाची मजुरी, दुपारचं जेवण, जखमी म्हणून झोपायला मिळालं तर चैन. भालजींना ते 'बाबा' म्हणायचे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये स्टुडिओ जळाला ते सांगताना खाली बसायचे आणि तिथंच त्यांचं भाषण संपायचं. आजोबा गेले, त्या वर्षी पडद्यावर घोडे आले तेव्हा मागनं कुणीतरी पोरगं ओरडलं, "तिसरा घोडा!" त्याला कुणी गप्प केलं नाही.

नट अरुण सरनाईकांचं वर्षही असंच लक्षात राहिलं. वडील शंकरराव सरनाईक गायक नट, चुलते निवृत्तीबुवा जयपूर घराण्याचे, त्यामुळं गळा आणि पेटी-तबला घरातनंच आलेला. १९६१ मध्ये पडद्यावर आले, तमाशापटांत रंगले आणि १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये असा मुख्यमंत्री उभा केला की आमचे पुढारी अजून तसं बसायला बघतात. 'घरकुल'मधलं 'पप्पा सांगा कुणाचे' त्यांनीच गायलेलं. आमच्याकडं ते एका रिक्षावाल्या बापानं आणि त्याच्या पोरींनी म्हटलं. पेटीचा एक सूर दाबलेला राहत होता, पण बिघडलं नाही काही. २१ जून १९८४ ला मोटार अपघातात ते गेले, बायको आणि मुलगाही गेले. बाईंनी हे वाक्य वाचलं आणि वही मिटली. त्या गाण्यानंतर हे ऐकणं जड जातं. पुढच्या खेपेला क्रम बदला असं मी सुचवलं होतं, ते मिटिंगच्या वहीत आहे.

सुलोचनादीदी २०२३ च्या जूनमध्ये गेल्या, त्या वर्षी बायका इतक्या आल्या की पुरुषांना कट्ट्यावर बसावं लागलं. चिकोडीजवळच्या खडकलाटची मुलगी, भालजींच्या हाताखाली घडली, 'मराठा तितुका मेळवावा'ची जिजाबाई झाली आणि हिंदीत देव आनंदपासून कितीतरी हिरोंची आई. एक वहिनी बोलायला उठल्या आणि "माझी सासू त्यांच्यासारखी नव्हती" एवढंच म्हणून बसल्या. त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं भाषण तेच.

आता थोडी तक्रार. गणपत पाटलांचा दिवस केला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. हा माणूस आपल्या गावचा, २००८ मध्ये इथंच गेला. तमाशापटांतला नाच्या म्हणजे गणपत पाटील, हे महाराष्ट्रानं ठरवून टाकलं होतं. घरात बायको, लेकरं असलेल्या माणसाला लोक रस्त्यात तसल्याच नजरेनं बघायचे. 'आत्ता गं बया' म्हटलं की हसणारे हजारो, पण त्यांच्या फोटोला फूल वाहायला गल्लीतली पोरं लाजली. कोपऱ्यावर हसत उभी होती, मी बघितलंय. हीच पोरं गणपतीत ऑर्केस्ट्राला पहिल्या रांगेसाठी भांडतात. त्या दिवशी एका जुन्या ढोलकीवाल्यानं काही न बोलता पाच मिनिटं नुसती ढोलकी वाजवली. जे आले नाहीत त्यांचं नुकसान.

आता आभार. देणगीदारांच्या क्रमावरून मागं झालेल्या भांडणापासून नावं छापायची नाहीत असा ठराव आहे, म्हणून कामावरूनच ओळखून घ्या. मंडपवाले मामा, ज्यांनी पावसात ताडपत्री स्वतः धरली. माईकवाला आणि त्याचा भाऊ (दोघंही, नाहीतर एक रुसतो). बोर्ड रंगवणारे पेंटर. डिजिटल फलकाच्या जमान्यातही ते 'स्मृती' हातानंच लिहितात. हार देणाऱ्या फुलवाल्या मावशी. भडंग करणाऱ्या तिन्ही जावा. चहाचा बंब देणारं शेजारचं मंडळ, जे एरवी आमच्याशी बोलत नाही. खुर्च्या मोजून परत नेणारा टेम्पोवाला. मीटरवरनं लाइट देणारे डॉक्टर. बाईंची वही जपणारी त्यांची सून. पडद्यासाठी दरवर्षी पांढरं धोतर देणारे काका, आणि ते इस्त्री करून देणाऱ्या काकू. गाद्या झटकणारी बारकी पोरं. कुणी राहिलं असेल तर मला घरी येऊन सांगा, चौकात नको.

यंदा कुणाचा दिवस करायचा यावर वाद चालू आहे. पोरांना लक्ष्मीकांत बेर्डे पाहिजेत, त्यात वाईट काही नाही, गर्दी होईल. माझं मत चंद्रकांत मांडरेंना. नट तर होतेच, पण चित्रं काढायचे, आणि राजारामपुरीतलं राहतं घर चित्रांसकट सरकारला देऊन टाकलं. तिथं आता संग्रहालय आहे आणि आमच्या कमिटीतल्या निम्म्यांनी ते आतनं बघितलेलं नाही. रविवारी संध्याकाळी मिटिंग आहे. भडंग नसणार, तरी या.