साहेब बायबल तपासायचा का?

तुम्ही विचारलंत म्हणून. जालना-औरंगाबादकडच्या जुन्या मिशन शाळांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: शाळा चर्चची, मग तपासणीला आलेला सरकारी साहेब पोरांना बायबलही विचारायचा का?

इंग्लंडात विचारायचा. तिथे 1839 ला पहिले सरकारी तपासनीस नेमले, आणि पुढच्याच वर्षी चर्चनं कबूल करून घेतलं की आमच्या शाळांत येणारा माणूस आर्चबिशपांच्या पसंतीचा हवा. 1870 च्या कायद्यानं ते संपलं. धर्माचा तास शाळा भरताना किंवा सुटताना, म्हणजे ज्याला नको त्याला बाहेर राहता यावं. आपल्याकडे अनुदानित शाळेत त्या तासाला बसवायला पालकांची संमती लागते, ती घटनेच्या कलम 28(3) मुळे.

मधल्या काळात, 1862 पासून, इंग्लंडात शाळांना सरकारी पैसे निकालावर मिळू लागले. सरासरी हजेरीवर पोरामागे 4 शिलिंग. सकाळ-दुपार वेगळी धरून 200 च्या वर हजेऱ्या भरल्या तर आणखी 8. वाचन, लेखन, गणित यांतल्या प्रत्येक नापास विषयाला त्यातले 2 शिलिंग 8 पेन्स कापायचे. मग काय होणार? वाचनमाला तोंडपाठ, भूगोल वाऱ्यावर आणि तपासणीच्या दिवशी तापानं फणफणलेलं पोरही बाकावर.

मुंबई इलाख्यात हीच तऱ्हा आली. मराठवाडा मात्र निजामाचा. वुडच्या 1854 च्या खलित्यानं, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाबद्दल लंडनहून आलेल्या आदेशानं, ‘तपासू द्या, अनुदान घ्या, धर्मात आम्ही डोकावणार नाही’ असं ठरवलं, ते ब्रिटिश मुलखापुरतं. इथला सरकारी साहेब म्हणजे मोहतमीम तालीमात. ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं; अशा मिशनच्या गावांत रोजची देखरेख मिशनचीच, कारण मास्तरचा पगार त्यांच्याकडून.

जुनं शेरेबुक, म्हणजे तपासनीसाच्या शेऱ्यांची वही, हाती लागलं तर आधी शेऱ्यातली हजर संख्या त्याच तारखेच्या हजेरीपटाशी ताडून बघा. आठवडाभराच्या खुणा एकाच शाईत, एकाच दमात ओढलेल्या दिसल्या तर पट मागाहून भरलेला समजा. निजामी कागदावर साल फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेतलं, असतं. इसवी सन काढायला बरेच जण त्यात सरसकट 590 मिळवतात आणि फसतात. वर्ष आजर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागतं. डिसेंबरअखेरपर्यंत 590 बरोबर, जानेवारीपासून 591. 1357 फसलीतला खुर्दादचा (साधारण एप्रिलचा) शेरा 1948 चा, 1947 चा नव्हे.