काढून टाकलेलं व्याख्यान परत मागताना: इंदूरहून माझा अनुभव

इंदूरच्या मराठी मंडळांमध्ये डॉक्टरांची व्याख्यानं होतात. ती रेकॉर्ड करून नेटवर चढवण्याचं काम माझ्याकडे असतं. करोनावरची आणि लसींवरची त्यातली बरीच व्याख्यानं 'मेडिकल मिसइन्फर्मेशन'च्या शेऱ्याखाली उतरवली गेली. काही परत आली, काही आली नाहीत, आणि कोणती का आली हे आता बऱ्यापैकी सांगता येतं. आमचे व्हिडिओ कुठे होते ते सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. जिथे जाहीर नियम नावानिशी सांगावा लागेल तिथे सांगेन.

मेल आला की आधी कारण वाचायचं. 'कम्युनिटी गाइडलाइन्स'चा भंग असं म्हटलं असेल, तर निर्णय कंपनीचा आहे आणि अपीलही कंपनीकडेच जातं. 'कायदेशीर तक्रारीमुळे' किंवा 'सरकारी आदेशामुळे या देशात उपलब्ध नाही' असं असेल, तर अपिलाचं बटण दाबण्यात वेळ घालवू नका. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ किंवा ७९ खालचा, म्हणजे सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने मजकूर रोखण्याचा मामला असतो आणि तिथे वकील लागतो. तिसरा प्रकार फेसबुकवर दिसतो: पोस्ट तशीच असते, वर फॅक्ट-चेकचं लेबल लागतं आणि ती कमी लोकांना दिसते. त्यावरचा आक्षेप फेसबुककडे जात नाही. ज्या संस्थेने तपासणी केली तिलाच ईमेल करायचा असतो. फेसबुकची मालक कंपनी मेटाने जानेवारी २०२५ मध्ये ही पद्धत बंद करण्याची घोषणा केली ती अमेरिकेपुरती. इकडे तोच नियम लावून बसलात तर चुकीच्या दारावर टकटक होते.

कारण कळेपर्यंत व्हिडिओला हात लावायचा नाही. 'आपणच डिलीट करून टाकू, म्हणजे मिटेल' ही सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया असते. डिलीट केल्याने यूट्यूबवरचा स्ट्राइक, म्हणजे चॅनलच्या नावावरची नियमभंगाची नोंद, जात नाही. तीच फाइल दुसऱ्या नावाने पुन्हा चढवली तर दुसरा स्ट्राइक ओढवून घ्याल. प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यालाच दिसणारा) ठेवूनही सुटका नाही, कारण नियम त्यांनाही लागू आहेत. डिस्क्रिप्शनमध्ये दिलेल्या लिंकाही मोजल्या जातात. शिवाय काढलेला व्हिडिओ यूट्यूब स्टुडिओतून, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानावरून, डाउनलोड होत नाही, तेव्हा मूळ फाइल घरच्या हार्ड डिस्कवर हवीच. मंडळाच्या ज्या हौशी मंडळींनी फोन भरला म्हणून रेकॉर्डिंग उडवलं, त्यांच्या अपिलात पुढे काहीच करता आलं नाही. कोणत्या मिनिटाला काय म्हटलं होतं, हेच कुणाला सांगता येईना.

यूट्यूबचा हिशोब असा: पहिल्या वेळेला ताकीद. छोटं प्रशिक्षण पूर्ण केलं तर ती ताकीद ९० दिवसांनी निघून जाते, मात्र त्या काळात तोच नियम पुन्हा मोडायचा नाही. त्यानंतर पहिला स्ट्राइक, एक आठवडा काही चढवता येत नाही. ९० दिवसांच्या आत दुसरा पडला तर दोन आठवडे, तिसऱ्याला चॅनल बंद. अपील करायचं तर स्टुडिओतल्या 'कंटेंट'मध्ये त्या व्हिडिओसमोरच्या 'रिस्ट्रिक्शन्स' रकान्यावर माऊस न्या, तिथे पर्याय दिसतो. प्रत्येक स्ट्राइकवर अपील एकदाच करता येतं. लोक इथेच घसरतात. मेल वाचून डोकं तापलेलं असताना 'आमचे डॉक्टर तीस वर्षं प्रॅक्टिस करताहेत, तुम्हाला काय कळतं' असं लिहून पाठवतात आणि एकुलती एक संधी संपते. तपासणारा व्हिडिओ बघतो. डॉक्टरांची पदवी, मंडळाचं वय, अध्यक्षांची ओळख, यातलं काहीही त्याच्या कामाचं नसतं.

म्हणून अपिलाआधी मी तक्ता बनवते. पूर्ण व्याख्यान उतरवून घ्यायचं आणि तीन रकाने करायचे: मिनिट-सेकंद, जसंच्या तसं वाक्य, आणि त्या तारखेला लागू असलेला सरकारी कागद. काम कंटाळवाणं आहे, पण व्हिडिओ परत मिळण्यासारखा आहे का, याचं उत्तर निम्म्या वेळा तक्ता पुरा होईपर्यंतच मिळतं.

कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर घ्या. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं तेव्हा ते ४ ते ६ आठवडे होतं. मार्चच्या उत्तरार्धात केंद्राने ते ४ ते ८ केलं, १३ मे रोजी १२ ते १६. फेब्रुवारीतल्या व्याख्यानात '४ ते ६ आठवडे' म्हटलं असेल तर ती त्या दिवसाची बरोबर माहिती होती. तारीख आणि कागद दाखवला की असा व्हिडिओ परत येण्याची शक्यता बरी असते.

आयव्हरमेक्टिन या औषधाचं तसं नाही. एप्रिल २०२१ मध्ये एम्स आणि आयसीएमआरच्या मार्गदर्शनात सौम्य आजारासाठी आयव्हरमेक्टिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा विचार करता येईल असं होतं. सप्टेंबरमध्ये दोन्ही वगळली गेली. त्याआधीच, ३१ मार्च २०२१ ला, जागतिक आरोग्य संघटनेने आयव्हरमेक्टिन फक्त चाचण्यांपुरतंच वापरा असं सांगितलं होतं. यूट्यूबच्या नियमांत तर ही दोन औषधं करोनावर सुचवू नका असं नावानिशी होतं. म्हणजे भारतातला डॉक्टर भारतातला कागद वाचून बोलत होता आणि तरी तो नियमाबाहेर जात होता. हे मला अजूनही खटकतं. पण अपिलात खटकण्याला किंमत नाही. असा व्हिडिओ आज तसाच परत मागणं मला पटतही नाही, कारण बघणारा तारीख बघत नाही, औषधाचं नाव बघतो.

काढ्याचं प्रकरण जास्त नाजूक. आमच्या मध्य प्रदेशात २०२० मध्ये सरकारनेच त्रिकटूच्या काढ्याची पाकिटं वाटली, त्यामुळे प्रत्येक व्याख्यानात काढा आहेच. 'प्रतिकारशक्तीसाठी घेतात' हे वाक्य चालून जातं. 'हा घेतला की करोना होत नाही' हे जात नाही, आणि जाऊही नये. एका तासाच्या बोलण्यात हे दुसरं वाक्य एकदा जरी आलं तरी उरलेली एकोणसाठ मिनिटं वाचवत नाहीत.

याच्या बरोबर उलट, लसीच्या दुष्परिणामांवर बोलणं हा मुळीच गुन्हा नाही. युरोपीय औषध संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतरच्या (आपल्याकडची कोव्हिशील्ड तीच) रक्ताच्या विशिष्ट गुठळ्या अतिदुर्मिळ दुष्परिणाम म्हणून नोंदवल्या. लसीच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या भारताच्या राष्ट्रीय समितीने त्याच वर्षी मे महिन्यात २६ संभाव्य प्रकरणं, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१, असं प्रमाण सांगितलं. आकड्यासकट आणि लक्षणांसकट हे सांगणारं व्याख्यान नियमात बसतं. तेच व्याख्यान 'लस आणि गुठळ्या: काय दडवलं जातंय?' अशा थंबनेलने (व्हिडिओच्या दर्शनी चित्राने) चढवलं की उतरतं. थंबनेल बनवणाऱ्या पोरांना हे पुनःपुन्हा सांगावं लागतं. त्यांना क्लिक हवे असतात.

मग येतात प्रश्नोत्तरं. आमच्याकडे सर्वांत जास्त अडचण तिथेच झाली. कुणी तरी सभागृहातून लसीबद्दल विचारतो, "डॉक्टरसाहेब, सुना है इसमें चिप है?" डॉक्टर हसून म्हणतात, "आहे ना काका. म्हणून तर हल्ली राजवाड्यावरसुद्धा फुल नेटवर्क येतं." सभागृह हसतं. पण काकांच्या हातात माइक नसतो, हशा ऐकू येत नाही, आणि रेकॉर्डिंगमध्ये उरतं ते एवढंच: डॉक्टर म्हणाले, आहे ना चिप. मराठी बोलणं, मध्ये हिंदी, वर इंदुरी तिरकसपणा. हे यंत्राला कळत नाही आणि अर्धा डझन भाषांचे व्हिडिओ बघणाऱ्या माणसालाही कळेलच असं नाही. असं वाक्य सापडलं की अपिलात ते लपवायचं नाही. मिनिट सांगून लिहायचं की हा उपहास आहे आणि लगेच पुढे, अमुक सेकंदाला, डॉक्टर स्पष्ट नाकारतात. पुढे नाकारलंच नसेल, तर मुद्दा संपला.

अपील मी इंग्रजीत लिहिते, सहा-सात ओळींत, आणि मराठी वाक्यांचा अर्थही तिथेच देते. साच्याचा मराठी मजकूर साधारण असा होतो: 'हे फेब्रुवारी २०२१ मधलं आरोग्यशिक्षणाचं व्याख्यान आहे. १४:२० ला दोन डोसांमधलं अंतर ४ ते ६ आठवडे सांगितलं आहे. त्या दिवशी भारत सरकारची सूचना हीच होती. ३१:०५ चं वाक्य श्रोत्याचा प्रश्न आहे. ३१:४० ला वक्ते तो दावा चुकीचा असल्याचं सांगतात. व्हिडिओ लस न घेण्याचा सल्ला देत नाही.' एवढंच. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा परिच्छेद गाळावा. निकाल तीन प्रकारे येतो: व्हिडिओ परत आणि स्ट्राइक रद्द, व्हिडिओ परत पण वयाची अट, किंवा नकार. फेसबुक-इन्स्टाग्रामवर नकारानंतर संदर्भ क्रमांक मिळाला तर १५ दिवसांत ओव्हरसाइट बोर्डाकडे, म्हणजे मेटाचे निर्णय तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे, जाता येतं, मात्र बोर्ड निवडक प्रकरणंच घेतं.

नकार आल्यावर बरेच जण थांबतात. त्यापुढची पायरी भारतीय कायद्यातली आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या व्यासपीठाला भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो. नियम ४(८) म्हणतो की व्यासपीठाने स्वतःहून मजकूर काढला तर कारण कळवायला हवं आणि बाजू मांडायची संधी द्यायला हवी. तक्रारीत हा नियम क्रमांकानिशी लिहावा. मूळ नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. नंतरच्या दुरुस्त्यांनी मुदती आवळल्या, म्हणून अर्जाच्या दिवशीचा नियम उघडून बघा. आपोआप येणारा तिकीट क्रमांकाचा मेल ही फक्त पोच असते. निकालाचा मेल वेगळा येतो आणि तो जपायचा, कारण त्याच्या तारखेपासून ३० दिवसांत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. या समित्या ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीतून आल्या, जीएसी नावाने त्यांचं पोर्टल मार्च २०२३ पासून चालू आहे आणि सगळं काम ऑनलाइन होतं. ॲपमधलं अपील फेटाळलं म्हणून थेट इथे आलात तर अडचण होते, कारण अपील तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयावर असतं. मधली पायरी गाळता येत नाही. त्यानंतर उच्च न्यायालय. खंडपीठ इंदूरलाच आहे, पण खाजगी कंपनीविरुद्ध रिट (सहसा सरकारविरुद्ध करतात ती याचिका) चालते का, यावरच आधी वाद होतो. एका व्याख्यानासाठी मी तो सल्ला कुणाला देणार नाही.

जुनी प्रकरणं उकरणाऱ्यांनी मध्यंतरीचे बदल लक्षात घ्यावेत. ट्विटरने करोनाविषयक नियम नोव्हेंबर २०२२ मध्येच लावणं थांबवलं. ५ मे २०२३ ला करोनाची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्यावर मेटानेही पुढच्या महिन्यात आपले करोनाचे नियम बहुतेक ठिकाणी मागे घेतले. यूट्यूबने करोनाचा स्वतंत्र नियम डिसेंबर २०२४ मध्ये काढला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केलेल्या काही चॅनलधारकांना नवं चॅनल उघडू देण्याचा प्रयोग सुरू केला. जुनं चॅनल किंवा जुने सबस्क्रायबर त्यात परत मिळत नाहीत. पण लसींविषयीचे सर्वसाधारण वैद्यकीय नियम शिल्लक आहेत. गोवर-रुबेला किंवा एचपीव्हीच्या लसीने वंध्यत्व येतं असं म्हणणारा व्हिडिओ आजही उतरतो.

आता रेकॉर्डिंगच्या वेळीच आम्ही काळजी घेतो. श्रोत्यांसाठी वेगळा माइक असतो. खोटा दावा वाचून दाखवायचा असेल तर आधी 'हे खोटं आहे' म्हणायचं, मग दावा, आणि तो पडद्यावर असेपर्यंत वर लाल पट्टी. खुलासा डिस्क्रिप्शनमध्ये घालून भागत नाही, तो आवाजात किंवा चित्रात हवा. व्याख्यानाची तारीख पहिल्या फ्रेमवर आणि खालच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत ठेवायची, कारण चढवलेल्या व्हिडिओत नंतर पट्टी घालता येत नाही. कापता येतं, धूसर करता येतं, पण त्याच लिंकवर नवी फाइल बसवता येत नाही. मराठी सबटायटलची फाइलही आम्हीच बनवतो, यंत्रावर सोडत नाही. आणि सरकारी सूचना बदलली की जुना व्हिडिओ आपणच काढायचा, नव्याची लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकायची. आमच्याकडे त्यावरूनही दोनदा भांडण झालं, कारण जुन्याला व्ह्यूज जास्त होते.