दोन गाणी आणि एक बाबा

गोलूच्या फाइलच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात ‘स्क्रीन: शून्य’ असं लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. त्या रेघा दिसल्या की अजून ओशाळल्यासारखं होतं. पोराचं खरं नाव गोलू नाही, घरच्यांचा तपशीलही मी थोडा बदललाय.

मी लहान मुलांची श्रवण आणि वाचा तपासते. नागपुरात, धंतोलीतल्या दवाखान्यांच्या गर्दीत, एका मेडिकल स्टोअरच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून दमले, शेवटी सोडून दिलं. आत येणाऱ्या प्रत्येक आजीसाठी मी ‘डॉक्टर मॅडम’च.

गोलू पहिल्यांदा आला तो एप्रिलमध्ये. वय दोन वर्षं चार महिने. सोबत आई आणि आजी. आजी मूळच्या काटोलकडच्या, आता लेकाच्या घरी मानेवाड्याला. बसायच्या आधीच म्हणाल्या, “पोट्ट्याले ऐकूच येत नाही जी. आवाज देऊ देऊ माहा गळा सुकते, हा मान वळवत नाही.”

आधी कान तपासायचे, हा आमचा नियमच. ओएई नावाच्या तपासणीत कानात रबराची बारीक टोपी बसवतात, मशीन टिकटिक आवाज सोडतं आणि निरोगी आतला कान त्याला स्वतःच्या अगदी क्षीण आवाजानं उत्तर देतो. मूल रडलं नाही तर मिनिटाभरात काम होतं. गोलू रडला, म्हणून दहा मिनिटं लागली. दोन्ही कान पास. खरं तर मशीन लावायच्या आधीच मला उत्तर मिळालं होतं. बाहेर बाकावर कुणाच्या तरी मोबाईलमध्ये बालगीताची धून वाजली आणि ज्या पोरानं तीन हाकांना दाद दिली नव्हती, तो दाराकडे धावला.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. रोज किती वेळ बघतो?

“असंल अर्धा-पाऊण तास,” आजी म्हणाल्या. आईनंही मान हलवली.

हा अर्धा-पाऊण तास मी चौदा वर्षं ऐकतेय. खोटं कुणी बोलत नाही, मोजलेलं मात्र कुणी नसतं. म्हणून मी आईला फोन उघडायला लावते आणि आदल्या दिवशी काय काय बघितलं गेलं ती यादी काढायला सांगते. आम्ही दोघी कागदावर बेरीज करत बसलो. सकाळी पोळ्या होईपर्यंत, आंघोळीनंतर, वरणभाताला, दुपारी झोपायच्या आधी, उठल्यावर, संध्याकाळी दुधाला. बेरीज आली तीन तास चाळीस मिनिटं. आईनं आजींकडे बघितलं, आजींनी पंख्याकडे.

“दिवसाचं माझ्याकडे नसते ना डॉक्टर,” आई हळूच म्हणाली. ती बँकेत नोकरीला आहे.

“अन् रात्रीचं कोणाकडं असते?” आजी पंख्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

जगातल्या कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत या दोन वाक्यांची सोय नाही. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय की दुसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नको, त्यानंतर दिवसाला फार तर एक तास, आणि कमी असेल तितकं बरं. आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, तेच म्हणते. म्हणजे कागदावर गोलूला एक तास चालला असता. पण बाहेर चार पेशंट ताटकळत होते आणि तीन तास चाळीस मिनिटांवरून एका तासावर कसं यायचं हे समजावायला मला अर्धा तास तरी लागला असता. शून्य लक्षात ठेवायला सोपं. लिहिलं, रेघा मारल्या, मोकळी झाले.

जाता जाता आईनं विचारलं, “हे व्हर्च्युअल ऑटिझम तर नाही ना?” स्क्रीनच्या अतिरेकानं मुलात स्वमग्नतेसारखी लक्षणं येतात, अशा अर्थाचा हा शब्द हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरून दर दुसऱ्या घरात पोचतो. असं निदान आमच्या कुठल्याही अधिकृत यादीत नाही. स्वमग्नतेची शंका आहे का हे बघायची वीस प्रश्नांची चाचणी वेगळी असते, तीही मी करून घेतली. दोन-तीन उत्तरं मनासारखी नव्हती, म्हणून पुन्हा बघू असं ठरलं. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द असावेत आणि दोन शब्द जोडता यावेत अशी आमची अपेक्षा असते. गोलूकडे चार शब्द होते. आई, दे, गाडीसाठी ‘भुर्र’ आणि बाबा.

तीन आठवड्यांनी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी ते परत आले. नागपूरचा मे, पारा पंचेचाळीसच्या आसपास. माझ्या कूलरमधलं पाणी सकाळीच संपलं होतं. आजींनी डोक्यावरचा दुपट्टा सोडला आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर विजय दिसला. “बंद म्हंजे बंद केलं जी. चार दिवस पोट्ट्यानं ताट फेकलं. आता माह्या बाजूला बसून तूपभात खाते.”

मी खूश झाले. तो हाकेला वळत होता, दोन हाकांत एकदा तरी. मग शब्द तपासायला बसले. आई आहे, दे आहे, भुर्र आहे.

“आणि बाबा?”

आई गप्प झाली. गोलू तोवर माझ्या टेबलापाशी गेला होता. तिथं माझा जुना लॅपटॉप होता, झाकण बंद. त्यानं हातातलं पारलेचं बिस्किट झाकणावर ठेवलं, तळव्यानं दोनदा थोपटलं आणि वाट बघत उभा राहिला. मग बिस्किट झाकणाच्या फटीत घालायला लागला. तुकडे पडले. माझ्या मदतनीस मुलीनं “अरे अरे” करत लॅपटॉप उचलला, तसा तो जमिनीवर लोळण घेऊन जे रडला, ते खालच्या मेडिकलवाल्यापर्यंत गेलं असणार.

“हे कोरब्याला आहेत, पॉवर प्लांटवर,” आई म्हणाली. “दोन महिन्यांतून एकदा येतात. रोज रात्री साडेआठला लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करायचे. तुम्ही शून्य लिहिलं, म्हणून आम्ही तोपण बंद केला. आता नुसता फोन करतात. तो फोन कानाला लावतच नाही.”

मला काही बोलता येईना. त्यांनी माझं अक्षरन् अक्षर पाळलं होतं.

आईच्या फोनमध्ये मार्चमधल्या एका कॉलचा व्हिडिओ होता. शून्य लिहिणाऱ्या बाईनं तो स्क्रीनवर तीनदा बघितला. एक मिनिट चाळीस सेकंद. गोलू बिस्किट स्क्रीनला लावतो, पलीकडून बाबा तोंड मोठं करून ‘हंम्म’ करतात, गोलू हसतो आणि थांबतो. बाबा टॉवेलमागे लपतात. गोलू लॅपटॉपच्या मागे जाऊन बघतो, परत पुढे येतो, ‘बाबा?’ म्हणतो. टॉवेल पडतो, ‘भ्वाँऽक’. मी कागदावर रेघा ओढत मोजलं, अकरा वेळा आळीपाळी झाली होती. एकानं काही केलं, दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं, पहिल्यानं त्या उत्तराची वाट बघितली. बोलणं याच्यावरच उभं राहतं. माझ्या खोलीत खेळण्यांच्या टोपल्या पुढ्यात मांडून मी अर्ध्या तासात त्याच्याकडून अशा तीन फेऱ्या काढू शकले नव्हते.

लाज याची वाटते की हे मला माहीत होतं. पॅट्रिशिया कुल या अमेरिकन संशोधिकेचा २००३ चा प्रयोग आम्ही कॉलेजात शिकलो होतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना समोर बसलेल्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी ओळखता यायला लागले. त्याच गोष्टी टीव्हीवर बघणाऱ्या बाळांना काहीच फरक पडला नाही. पुढे २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांच्या, म्हणजे नेमक्या गोलूच्या वयाच्या मुलांवरचा अभ्यास आला. व्हिडिओ कॉलवर खरोखर बोलणाऱ्या माणसाकडून ती मुलं नवी क्रियापदं शिकली, आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९९ पासून दोन वर्षांखालच्यांना टीव्ही नकोच म्हटलं होतं. २०१६ ला नियम बदलताना त्यांनीही नातेवाइकांशी होणारा व्हिडिओ कॉल बंदीतून वगळला. आपल्या अ‍ॅकॅडमीची सूटही तीच आहे. हे सगळं मी पालकांच्या एका सभेत माइकवर सांगितलंसुद्धा होतं. फाइलवर लिहिताना बाबा कुठं असतात, हे मात्र विचारलं नाही.

त्या दिवशी पुढचे पेशंट थांबवून ठेवले आणि नव्यानं बसलो. बाबांचा कॉल त्याच रात्रीपासून सुरू, तो मोजायचाच नाही. जेवताना काही लावायचं नाही, ते तर आजींनी जिंकलेलंच होतं. अडलं ते दुपारी.

“दोन ते पाच काय करू, ते सांगा,” आजी म्हणाल्या. “सून कामावर. बाहेर पाय ठेवला तं चटके. चेंडू झाला, डबे झाले, कांदे-बटाटे झाले. माहे गुडघे नाही चालत जी त्याच्यामागं.”

यात लबाडी नव्हती. मे महिन्यात नागपुरातल्या तीन खोल्यांच्या घरात पासष्टीची बाई आणि अडीच वर्षांचं पोर, हा हिशोब जिनिव्हातल्या आरोग्य संघटनेत बसून कुणी केलेला नाही. मी म्हटलं, वीस मिनिटं द्या. आजी म्हणाल्या, “त्याले मिनिट काय समजते?” बरोबर होतं. मग मिनिटांऐवजी गाणी ठरली. दोन गाणी, झोपून उठल्यावर. मोबाईलवर नाही, कारण मोबाईल हातात धरून पोर कोपऱ्यात जातं. जुन्या लॅपटॉपवर, जेवणाच्या टेबलावर ठेवून, आजींनी शेजारच्या खुर्चीत बसून. आईनं सहा गाणी उतरवून एका फोल्डरमध्ये टाकायची आणि नेट बंद ठेवायचं, म्हणजे एक संपल्यावर दुसरं आपोआप सुरू व्हायला नको. त्या आपोआप लागणाऱ्या पुढच्या गाण्यानं जितकी घरं बुडवली, तितकी कार्टूननं बुडवली नसतील.

आजींनी सोबत म्हणायचं, बोट दाखवायचं, मध्येच थांबवून ‘आता कोण येईल?’ विचारायचं. “मले ते इंग्लिश गाणे येत नाही,” त्या म्हणाल्या. मराठी निवडली. आणि शेवटी झाकण गोलूनं स्वतः बंद करायचं, ‘टाटा’ म्हणून. ही आजींची कल्पना होती.

पहिल्या दिवशी दुसऱ्या गाण्यानंतर चाळीस मिनिटं रडारड झाली. आईचा फोन आला, मी म्हटलं उद्या परत दोनच. आठवड्यानं रडणं पाच मिनिटांवर आलं. जूनमध्ये शब्द बारा झाले. यातलं किती आमच्या ठरावामुळे, किती थेरपीमुळे आणि किती नुसत्या वयामुळे, हे मला सांगता येणार नाही. चाचणीही पुन्हा केली. एक उत्तर अजून मनासारखं नाही, ते सप्टेंबरमध्ये बघायचंय.

परवा आजी आल्या त्या तक्रार घेऊनच. रात्री साडेआठचा कॉल चालू होता. गोलूनं बिस्किट भरवलं, ‘भ्वाँऽक’ केलं, दोनदा. मग बाबा आणि आई घराच्या हप्त्याचं काहीतरी बोलायला लागले. गोलूनं थोडा वेळ ऐकून घेतलं, खुर्चीवरून पुढे वाकला, “बाबा टाटा” म्हणाला आणि झाकण लावून टाकलं.

“त्याचा बाप तिकडं तोंड उघडं ठेवून बसला ना जी,” आजी म्हणाल्या.

मी फाइल ओढली आणि दोन शब्द जोडले, अशी तारीख घालून नोंद केली.