मे महिना, रेझिन आणि सेव्हनचं नाक

लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धाटणीवर घरी बांधत असलेल्या गाडीचं फायबरचं नाक, म्हणजे पुढचा भाग, आज साच्यातून निघालं. मूळ गाडी 1957 ची, आपली मारुती जिप्सीच्या 1298 सीसी इंजिनावर. मे महिन्यात यवतमाळकडे हे काम सकाळी नऊच्या आत उरका, राजेहो.

या उन्हात किलोभर रेझिनला (फायबर चिकटवून कडक करणारी राळ) हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारं रसायन, 10 मिलीच, म्हणजे साधारण 1 टक्का. थंडीतलं 2 टक्क्यांचं माप लावलं तर ब्रश फिरवेपर्यंत रेझिनची जेली होते, डबा धूर सोडतो, थर आक्रसून तडकतो. एका वेळी 300 ग्रॅमच कालवा, तेही पसरट भांड्यात. खोल डब्यात उष्णता कोंडते. मॅटच्या (काचेच्या धाग्यांच्या चटईच्या) वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन पुरे, जास्त ओतलं की नाक जड आणि ठिसूळ. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. हे दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो, इथे मस्करी नाही.

वर्ध्याच्या भाऊंचा सल्ला पटला: नाकाचं तोंड आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बुजवा. वारा बाजूने निसटत असेल तर पंखा कितीही मोठा लावा, इंजिन तापणारच. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या, नाहीतर नळीतच वाफ धरते आणि गाडी बंद पडते.

आणि हो, रस्त्यावर काढायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52, म्हणजे गाडीतल्या फेरफारांबद्दलचं, वाचा. पांदणीवर, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेवर, हौस भागवायची म्हणाल, तर तिथं या बुटक्या गाडीचं पोट जमिनीला टेकते.