चौघांना सुटं का काढत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. १२ जानेवारी, आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा दिवस, जवळ आला की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. "चार हुतात्म्यांना असं एकमेकांत गुंतवून का काढता? प्रत्येकाचा सुटा चेहरा द्या की, बॅनरला बरं पडतं." शाळेतले सर विचारतात, मंडळाचे कार्यकर्ते विचारतात. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं तेव्हा मी वैतागून "आमची शैली आहे ती" असं सांगून टाकलं. ते खोटं होतं.

आम्ही पाच जण शहराच्या पूर्व भागात, एका बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याच्या माडीवर बसून चित्रं काढतो. आंबेडकर जयंती, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ, १० ऑक्टोबरला डॉ. कोटणीस, गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतले, नंदीध्वज. कामं येतात, होतात, पैसे मिळतात किंवा राहतात. तिथं कुणी 'असं का' म्हणून अडवत नाही.

१२ जानेवारीची गोष्ट वेगळी. त्याच दिवशी जिजाऊ जयंती, त्याच दिवशी विवेकानंद जयंती आणि दुसऱ्या दिवशी यात्रेत अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक. गावात एक खांब मोकळा नसतो. त्या गर्दीत, १९३१ साली येरवड्यात याच तारखेला फासावर गेलेल्या आपल्या चौघांना जागा शोधावी लागते.

काही वर्षांपूर्वी एका मंडळानं आमच्याकडून चौघांचं मोठं चित्र करून घेतलं. तेव्हा मी सुटं काढण्याच्याच बाजूचा होतो. नवीन पोरांना सांगायचो, चौघांचा एकच गठ्ठा करू नका. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चार वेगळी माणसं आहेत. घरं वेगळी, घरातली बोली वेगळी. प्रत्येकाभोवती मोकळी जागा ठेवा. मी तशी ठेवली. कुर्बान हुसेन उजव्या टोकाला, कारण त्यांच्या हातात त्यांचं 'गझनफर' हे वर्तमानपत्र उघडलेलं दाखवायचं होतं आणि त्याला बाजूला जागा हवी होती. चित्र बरं झालं होतं. आजही म्हणतो, ते माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं.

१२ तारखेला सकाळी गाडीवरून चाललो होतो. काठ्यांच्या, म्हणजे नंदीध्वजांच्या, मार्गावर फ्लेक्स लागला होता. वर मोठ्या अक्षरात 'चार हुतात्म्यांना विनम्र अभिवादन'. खाली तीन जण. उजवीकडे, जिथं 'गझनफर' होतं तिथं, हात जोडलेले एक नेते. आणि तळाला आमच्या गटाचं नाव, जसं मी टाकलं होतं तसंच.

गाडी बाजूला लावून मी पुन्हा मोजले. मग प्रिंटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अहो दादा, साहेबांचा फोटो ऐनवेळी आला. जागाच बसंना झालती की ओ. कडेचा होता तो घेतला काढून." मंडळात विचारलं तर "राहू द्या आता, पुढच्या वर्षी बघू."

नाव बघून काढलं का? मला असं अनेकांनी विचारलंय, आणि माझ्या तोंडून 'हो' काढून घ्यायचाही प्रयत्न झालाय. मी 'हो' म्हणत नाही, कारण प्रिंटवाल्याचा आवाज मी ऐकला होता. त्याला खरंच फक्त माप दिसत होतं. पण मंडळात तो फ्लेक्स चार-पाच जणांनी तरी बघितला असेल, आणि डावीकडचे धनशेट्टी कापले गेले असते तर तो तसाच खांबावर चढला असता का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आमच्यातला एक जण म्हणाला, रात्री चढतो आणि उतरवतो. मीच अडवलं. ऐन यात्रेत हुतात्म्यांचा फ्लेक्स फाडताना एखादा पोरगा सापडला तर गावात काय अर्थ निघेल, आणि त्याचं नाव काय आहे यावरून आणखी काय निघेल, हे मला दिसत होतं. हे कारण खरं आहे. पण निम्मे पैसे यायचे होते, हेही खरं आहे. यात्रा आटोपल्यावर मी जाऊन ते घेतले आणि पावतीवर सही केली.

यात्रेचे चार-पाच दिवस तो फ्लेक्स तिथंच होता. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक काठ्यांबरोबर त्याच्याखालून गेले. मी दोनदा जाऊन उभा राहिलो. कुणीतरी मान वर करून 'तीनच कसे?' म्हणेल असं वाटत होतं. कुणी म्हणालं नाही. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली म्हणून रस्त्यावर उतरलेलं, मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, सोसलेलं हे गाव. मला लोकांचा राग आला. मग लक्षात आलं, मीही तर नुसता उभा होतो.

आमच्यातल्या एकाचे वडील चादरीची डिझाइनं ग्राफ पेपरवर काढायचे, जेकार्ड मागासाठी. तो म्हणाला, चादरीतला मोर कात्रीनं काढून घेतलास तर चादर राहते का? भोकच दिसतं ना? मग तसंच काढू. तेव्हापासून एकाचा खांदा हीच दुसऱ्याच्या पाठीची रेघ असते, 'गझनफर' दोघांच्या हातात असतं. एकाला काढलं की उरलेल्या तिघांनाही भोक पडतं. मधे कोण, कडेला कोण, हे दरवर्षी बदलतो.

बस्स, एवढंच कारण आहे. फाइलही आता सुट्या थरांची देत नाही. त्यावरून दोन कामं गेली, जाऊ देत.

पण तुमचं म्हणणं मला कळत नाही असं समजू नका. एका बाईंनी सांगितलं, माझ्या वर्गातल्या मुलांना यातले सारडा कोण ते ओळखू येत नाही. त्या बरोबर आहेत. मी पूर्वी ज्याला गठ्ठा म्हणायचो, तोच आता मी बांधतोय. रिक्षात बसून आपण 'चार पुतळ्यांपाशी सोड' म्हणतो तेव्हाही गठ्ठाच असतो. त्या काळचा मी आज माडीवर आला तर मला झापेल, आणि त्याला काय सांगावं ते मला सुचणार नाही. फक्त ती पावती दाखवीन.

२०३० च्या मे महिन्यात मार्शल लॉला शंभर वर्षं होतील. त्यासाठी आत्तापासून चार सुटी चित्रं मागायला लोक येतायत. आम्ही अजून होकार दिलेला नाही. यंदाचं चित्र टेबलावर आहे. त्यात जगन्नाथ शिंद्यांचा डावा हात कुणाला दिसत नाही, तो श्रीकिसन सारडांच्या मागे गेलाय. तेवढ्यावरून परवापासून आमच्या पाच जणांत बोलणं बंद आहे.