बझार्दोला सोडा, सिरीज आपण घरी हरलो

आधीच क्लिअर करून टाकतो, आमच्या सिएटल मरिनर्स या बेसबॉल टीमचा पिचर (म्हणजे बॉलर) बझार्दो, त्याच्यावर माझा राग नाही. मॅनेजर डॅन विल्सनवर थोडा आहे, पण बाकीच्यांचा आहे तेवढा नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला टोरोंटोत, वर्ल्ड सिरीजला जायच्या सिरीजच्या सातव्या गेमच्या सातव्या इनिंगमध्ये जे झालं त्यावरून सिएटलमधली माणसं अजून भांडतायत, ऑफिसच्या किचनमध्ये, पोरांच्या सॉकर प्रॅक्टिसला, अगदी इंडियन ग्रोसरीच्या लाइनीत कोथिंबिरीची जुडी हातात धरून सुद्धा, आणि सगळ्यांचं पालुपद एकच, बझार्दोऐवजी आपला शेवटच्या इनिंगचा हुकमी पिचर मुन्योझला का नाही आणलं, मुन्योझला का नाही आणलं. माझं म्हणणं असं की ती सिरीज आपण बझार्दोच्या त्या एका बॉलवर हरलोच नाही, ती चार-पाच दिवस आधी आपल्याच घरी हरलो होतो. पण ते पटवून द्यायचं तर आख्खा सीझन सांगायला लागेल, त्यामुळे चहा घेऊन बसा.

ज्यांना बेसबॉलशी काही घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅच नऊ इनिंगची, प्रत्येक इनिंगला प्रत्येक टीमचे तीन आऊट, बरोबरी झाली तर जादा इनिंग; बेस पळत पळत परत घरच्या बेसवर आलं की एक रन, आणि बॉल थेट प्रेक्षकांत गेला की होम रन. मेजर लीगमध्ये ३० टीम, प्रत्येकीच्या वर्षाला १६२ मॅच (हो, एकशे बासष्ट, आपल्याला आयपीएल लांबलं की कंटाळा येतो), मग प्लेऑफ, आणि शेवटी अमेरिकन लीग आणि नॅशनल लीगचे विजेते एकमेकांशी वर्ल्ड सिरीज खेळतात. सिएटल मरिनर्स १९७७ पासून खेळतायत आणि त्या ३० टीममध्ये एकही वर्ल्ड सिरीज न खेळलेली ही एकटी टीम. जिंकणं सोडा हो, तिथपर्यंत पोचलेच नाहीत. २००१ ला तर या लोकांनी १६२ पैकी ११६ मॅच जिंकल्या होत्या, जपानहून आलेल्या इचिरोचं ते पहिलं वर्ष, आणि तरी यांकीजनी ४-१ ने घरी पाठवलं. त्यानंतर २१ वर्षं प्लेऑफचं नाव नाही. २०२२ ला कॅल रालीने शेवटच्या इनिंगला होम रन मारून तो दुष्काळ संपवला, आणि मग २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी फक्त एका मॅचने प्लेऑफ हुकला. एका मॅचने! आयुष्यभर कोकण रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर काढल्यासारखं आहे हे सगळं.

तर २०२५.

हे वर्ष रालीचं. हा कॅचर आहे, म्हणजे आपल्या भाषेत विकेटकीपर, फक्त हा तीन तास उकिडवा बसतो, ताशी ९५-१०० मैलांचे बॉल पकडतो, पिचरला काय टाकायचं ते सांगतो, आणि मग बॅटिंगला पण येतो. कॅचरचे गुडघे जातात, पाठ जाते, त्यामुळे कॅचरने बॅटिंगमध्ये फार काही करावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. याने ६० होम रन मारले. आधी कॅचरचा रेकॉर्ड ४८ चा होता, साल्वादोर पेरेझचा. डावखुरा-उजवा दोन्हीकडून खेळणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा ५४ चा रेकॉर्ड १९६१ पासून होता, तो पण गेला. मरिनर्सचा स्वतःचा रेकॉर्ड ग्रिफी ज्युनियरचा, ५६, तो पण गेला. एका सीझनमध्ये ६० करणारा हा बेसबॉलच्या सगळ्या इतिहासात फक्त सातवा माणूस. मध्येच जुलैमध्ये अटलांटात होम रन डर्बी (नुसती होम रन मारायची स्पर्धा) पण जिंकून आला, वडील पिचिंग करतायत, भाऊ मागे कॅचर म्हणून बसलाय, सगळं घरचं कार्य. लोक प्रेमाने त्याला बिग डंपर म्हणतात, कशावरून ते त्याचा मागून फोटो बघितलात की कळेल.

जुलैच्याच शेवटी इचिरो हॉल ऑफ फेममध्ये गेला (एका मताने शंभर टक्के हुकले, तो एक मत न देणारा कोण हे अजून बाहेर आलेलं नाही) आणि ऑगस्टमध्ये सिएटलने त्याचा ५१ नंबर रिटायर केला. वातावरण एकदम मस्त. त्यातच ॲरिझोनाकडून दोन माणसं उचलली, जॉश नेलर आणि युहेनिओ सुआरेझ. सुआरेझ आधी इथे खेळून गेलेला, सगळ्यांचा लाडका. आणि नेलर हे एक वेगळंच प्रकरण आहे. गोल-गरगरीत माणूस, लीगमधल्या सगळ्यात हळू पळणाऱ्यांपैकी एक, आणि त्या सीझनला त्याने ३० बेस चोरले (म्हणजे पिचर बॉल टाकतोय तोवर पुढच्या बेसवर पळायचं). पिचरचं लक्ष कधी ढळतंय एवढंच बघत बसतो आणि आरामात निघतो. मला तर रालीच्या होम रनइतकीच याची चोरी बघायला मजा यायची.

आणि मग टीम ढेपाळली. ऑगस्टमध्ये बाहेरगावी गेले की मार खाऊन यायचे, सप्टेंबर उजाडला तरी तेच, ह्यूस्टन पुढे, आणि इथल्या जुन्याजाणत्या लोकांच्या चेहऱ्यावर ते परिचयाचं ‘झालं, आलं वळणावर’ हे एक्स्प्रेशन. तेव्हा एका फॅनने एट्सी या ऑनलाइन बाजारावर एका चेटकिणीला पैसे देऊन टीमसाठी मंत्र टाकून घेतला. खोटं नाही सांगत, त्याच्या बातम्या झाल्या, टीव्हीवर चर्चा झाल्या. आणि ६ सप्टेंबरपासून टीम सलग दहा मॅच जिंकली! त्यातली दुसरी अटलांटात १८-२. आता ६ सप्टेंबर म्हणजे अनंत चतुर्दशी. आमच्या मंडळींच्या ग्रुपवर त्यावरून केवढा वाद, चेटकीण वगैरे काही नाही, बाप्पाने जाता जाता केलेली कृपा आहे ही, आणि एका काकांनी तर सिरियसली लिहिलं की पुढच्या वर्षी मखराची थीमच स्टेडियम ठेवू. मी दोघांनाही अर्धं अर्धं क्रेडिट देऊन मोकळा झालो.

पुढे ह्यूस्टनला त्यांच्याच घरी जाऊन तीनपैकी तीन मॅचमध्ये धुतलं, आणि २४ सप्टेंबरला घरच्या मैदानावर रालीने ५९वा आणि ६०वा होम रन एकाच रात्री मारला आणि त्याच रात्री डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली, २००१ नंतर पहिल्यांदा. सीझनचा हिशोब ९०-७२.

आता प्लेऑफ. पहिली सिरीज डेट्रॉइटशी, बेस्ट ऑफ फाइव्ह, आणि त्यांच्याकडे टॅरिक स्कूबल, सध्याच्या जगातला बहुतेक सगळ्यात खतरनाक डावखुरा पिचर. दोन-दोन झाल्यावर १० ऑक्टोबरचा पाचवा गेम सिएटलला. तिकिटाचे भाव बघून बायको म्हणाली तेवढ्यात मी एकदा पुण्याला जाऊन येईन, पण गेलो. इथे बाहेरचं खाणं आत नेऊ देतात हे फार लोकांना माहीत नाही, तर आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घेऊन गेलो होतो, शेजारी बसलेला माणूस भाजलेले नाकतोडे खात होता (ते इथे स्टेडियममध्ये मिळतात, मेक्सिकन पद्धतीचे, तिखट आणि लिंबू लावून), थोडी देवाणघेवाण झाली. पुरी त्याला आवडली. नाकतोड्याबद्दल मी काही बोलणार नाही.

स्कूबलने सहा इनिंगमध्ये १३ जणांना स्ट्राइकआऊट केलं. त्यातले सात सलग. आमच्या लोकांना बॉल दिसतच नव्हता, बॅट फिरवतायत आणि परत येतायत, फिरवतायत आणि परत येतायत. डेट्रॉइट २-१ ने पुढे. तो गेल्यावर सातव्या इनिंगला लिओ रिवास नावाचा पोरगा, ज्याचा त्या दिवशी वाढदिवस, बदली खेळाडू म्हणून आला आणि एक साधासा सिंगल (एका बेसपुरता फटका) मारून बरोबरी केली. आणि मग काही म्हणजे काहीच होईना. आठवी, नववी, दहावी, बारावी. एरवी मॅच सुरू करणारे पिचर, लोगन गिल्बर्ट, लुईस कास्टियो, यांना बुलपेनमधून (बदली पिचर बसतात तिथून) बोलवायला लागलं, म्हणजे घरातलं होतं नव्हतं सगळं बाहेर काढलं. छप्पर इथलं नुसतं वरून झाकतं, बाजू उघड्याच, त्यामुळे गार वारा आत येतोच, शेजारून मालगाडी शिट्ट्या मारत जाते, आणि सगळे ४७ हजार उभे, कारण बसलं की काहीतरी वाईट होईल अशी प्रत्येकाची खात्री.

त्यात हम्पीची गंमत. इथे मॅचच्या मधे चार साल्मन माशांचे ड्रेस घातलेली माणसं पळण्याची रेस लावतात आणि त्यातला हम्पी कधीच जिंकत नाही, पडतो, भरकटतो, काहीतरी घोळ घालतो, तो जोकच आहे तसा. त्या रात्री हम्पी जिंकला. स्टेडियममध्ये जो आवाज झाला तो मी लिहू शकत नाही. बायको, जी पहिल्या इनिंगला ‘हे आऊट कधी होतात’ विचारत होती, ती माझा दंड पकडून ओरडत होती की आता आपण जिंकणार, हम्पी जिंकला म्हणजे जिंकणार. पंधराव्या इनिंगला बेसेस भरलेले, होर्हे पोलँकोने उजवीकडे सिंगल मारला, आपला क्रॉफर्ड घरच्या बेसवर आला, ३-२. जवळजवळ पाच तास. हरेल तो घरी, अशा प्लेऑफ मॅचमधली इतिहासातली सगळ्यात लांब मॅच. माझा घसा पुढचे कितीतरी दिवस बसलेला होता, मीटिंगमध्ये चॅटवर बोलत होतो.

मग टोरोंटो. बेस्ट ऑफ सेव्हन, आणि पहिल्या दोन मॅच त्यांच्या घरी आपण जिंकलो, ३-१ आणि १०-३. आता नीट ऐका, कारण माझा मुद्दा इथे आहे. २-० ने पुढे, पुढच्या तीन मॅच घरी, वर्ल्ड सिरीजला फक्त दोन हव्यात. आणि घरी येऊन काय केलं तर १३-४ ने हरलो आणि ८-२ ने हरलो. तिसऱ्या गेमला आपल्या हुलिओने पहिल्याच इनिंगला होम रन मारून दिला होता आणि तरी आपल्या पिचरची, कर्बीची, तिसऱ्या इनिंगपासून जी धुलाई झाली ती बघवत नव्हती, चार इनिंगमध्ये आठ रन. ज्या स्टार्टिंग पिचिंगच्या जिवावर ही टीम उभी आहे असं आपण वर्षानुवर्षं सांगतोय तीच दोन दिवस सलग गायब. त्या दोनपैकी एक जरी जिंकली असती ना, तर पाचव्या गेमला सुआरेझने आठव्या इनिंगमध्ये जो ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारला त्याच्यावर सिरीज तिथेच संपली असती. घरी, स्वतःच्या लोकांसमोर. मुन्योझ, बझार्दो वगैरे प्रश्नच आला नसता.

त्याच पाचव्या गेममधली एक गोष्ट मला खटकली ती पण सांगतो. टोरोंटोचा जॉर्ज स्प्रिंगर, २०१७ च्या त्या चीटिंगवाल्या ह्यूस्टन टीममधला, त्यामुळे इथे त्याच्यावर आधीपासून खुन्नस, त्याला आपला पिचर ब्रायन वू याचा बॉल गुडघ्यावर बसला. तो लंगडत बाहेर जातोय आणि आपल्या स्टेडियममधले काही लोक खुश होऊन ओरडतायत. मला ते बघून कसंतरीच झालं. आई असती तर म्हणाली असती, असं करू नये, फिरून येतं.

सहावा गेम टोरोंटोत, बेसवर माणसं असताना लागोपाठ तीन इनिंगमध्ये डबल प्ले (एका बॉलवर दोन आऊट), ६-२. तो पण आपणच घालवला.

आणि सातवा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. इथल्या पंचांगाप्रमाणे अमावास्या २० तारखेलाच होती, त्यामुळे एकीकडे पाटावर लक्ष्मी, लाह्या-बत्तासे, आणि दुसरीकडे टीव्ही म्यूटवर. आरती चालू असताना हुलिओने होम रन मारला, दोन-तीन जणांच्या टाळ्या तालातून सुटल्या, बायकोने असं बघितलं ना. पाचव्या इनिंगला रालीने मारला, ३-१. सातव्या इनिंगला एक आऊट झालेला, म्हणजे वर्ल्ड सिरीजपासून आपण आठ आऊट लांब. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. विल्सनने वूला काढून बझार्दोला आणलं, मुन्योझ बुलपेनमध्येच, समोर बॅटिंगला कोण, तर तोच गुडघ्यावर मार खाल्लेला स्प्रिंगर. बॉल डावीकडे प्रेक्षकांत. ४-३. खोलीत कुणीतरी चकली चावत होता तोही थांबला.

हो, मीही मुन्योझला आणला असता. सातवी इनिंग असली म्हणून काय झालं, उद्यासाठी कुणाला राखायचं, उद्या मॅचच नव्हती. पण बझार्दो काही उचलून आणलेला माणूस नव्हता, वर्षभर त्याने असेच प्रसंग निभावले होते, आणि पुढच्या दोन इनिंगमध्ये आपल्या बॅटिंगला एक रन करता आला नाही त्याचं काय? शेवटी हुलिओ स्ट्राइकआऊट झाला तेव्हा सगळ्यांनी फराळाच्या ताटाकडे बघितलं.

टोरोंटो पुढे वर्ल्ड सिरीजला डॉजर्सशी सातव्या गेमला हरलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं.

आणि एमव्हीपी (लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू) यांकीजच्या ॲरन जजला. पहिल्या नंबरची १७ मतं त्याला, १३ रालीला. जज ग्रेट आहे, मान्य, पण कॅचरने ६० मारणं यापुढे आपल्या हयातीत दिसेल असं मला वाटत नाही, हे त्या १७ जणांना कोण सांगणार? असो. नोव्हेंबरमध्ये नेलरने पाच वर्षांचा करार केला ही चांगली बातमी, पोलँको मेट्सकडे गेला ही वाईट. फेब्रुवारीत ॲरिझोनात पिओरियाला स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव). घरची ओपनिंग सिरीज बघायला कुणी येणार असाल तर सांगा, पुऱ्या आम्ही आणू.